कर्करोगाचे औषध मूत्रपिंडाच्या रुग्णास का? पेशीवरील ग्राहींविषयी थोडेसे

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात प्रशासकाने लिहावयाचे ते ताळेबंदाविषयी, खाटांच्या संख्येविषयी आणि फार तर नव्या यंत्रसामग्रीविषयी, असा आजवरचा प्रघात आहे. वैद्यकीय माहितीचे लेख आपले डॉक्टर लिहीत आले आहेत आणि ते त्यांनीच लिहावेत हे उचित होय. तरीही प्रस्तुत लेख मी लिहीत आहे, याला कारण झाली ती औषधाची एक मागणी-चिठ्ठी. तिच्यावर मी मारलेला शेरा चुकीचा ठरला, आणि तो का चुकीचा ठरला हे समजून घेता घेता वाणिज्य शाखेच्या एका पदवीधराला पेशीच्या पृष्ठभागापर्यंत जावे लागले. जे उमगले ते डॉक्टरांकडून तपासून घेऊन हितचिंतकांपुढे ठेवीत आहे.

पनवेल तालुक्यातील पंचेचाळिशीचे एक गृहस्थ पायांच्या सुजेची तक्रार घेऊन बाह्यरुग्ण विभागात आले. भाड्याचा टेम्पो चालवून कुटुंबाचा चरितार्थ करणारे. सकाळी पापण्या सुजत, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुते आणि लघवीला साबणासारखा फेस येई. चोवीस तासांच्या लघवीत सात ग्रॅमहून अधिक प्रथिन निघाले. निरोगी माणसात हे प्रमाण दीडशे मिलिग्रॅमच्या आत असते. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात बायोप्सी झाली व ‘मेंब्रेनस नेफ्रोपॅथी’ असे निदान आले. आठवड्यातून एकदा आपल्याकडे येणाऱ्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी प्रथम काही महिने रक्तदाबाच्या व सूज उतरविण्याच्या गोळ्यांवर ठेवून वाट पाहिली. या विकारात जवळजवळ एकतृतीयांश रुग्ण विशेष औषधाविना आपोआप सुधारतात, म्हणून घाई करावयाची नसते. येथे सुधारणा झाली नाही. तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहिली: रिटुक्सिमॅब, एक ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा, शिरेवाटे.

धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा विनामूल्य व दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा सवलतीने राखाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या निधीला खर्च लावण्यापूर्वी प्रत्येक महागडी चिठ्ठी माझ्या मेजावर येते. रिटुक्सिमॅब हे नाव मी तोवर केवळ लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, म्हणजे लिम्फोमाच्या, देयकांवर पाहिले होते. निदानाच्या रकान्यात कर्करोगाचा उल्लेख नव्हता. मी समासात लिहिले, ‘रोगनिदान व औषध यांचा मेळ नाही. खुलासा व्हावा.’ लेखापरीक्षकांच्या दृष्टीने शेरा निर्दोष होता.

पुढे जे घडले ते खिडकीवर घडले. चिठ्ठी परत देताना लिपिकाने त्या गृहस्थांच्या पत्नीस सहज विचारले, “वहिनी, कॅन्सर आहे हे आधी का नाही सांगितलंत?” मागे रांगेत त्यांच्याच गावचे दोघे उभे होते. दुसऱ्या दिवशी रुग्ण आला नाही, तिसऱ्याही दिवशी आला नाही.

नेरे हे नाव महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक झाले ते येथील शांतिवनामुळे. कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी उभ्या राहिलेल्या त्या संस्थेच्या शेजारी राहून आजाराच्या नावाने माणूस गावातून कसा उठतो हे आम्हांस ठाऊक नाही, असे म्हणण्याची सोय नाही. आपल्या समाजसेविका त्या घरी तीन वेळा जाऊन आल्या. अकराव्या दिवशी पती-पत्नी परत आले. त्या संध्याकाळी तज्ज्ञ डॉक्टरांनी मला शेजारी बसवून कागदावर आकृती काढून जे समजावले, त्यातून पुढील मजकूर वाढला आहे.

पेशीची खिडकी

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते आणि त्या पटलात निरनिराळ्या प्रकारची प्रथिने रोवलेली असतात. त्यांतील काहींना ग्राही, इंग्रजी शब्द तसाच घ्यावयाचा तर रिसेप्टर, म्हणतात. ग्राहीचा एक भाग पेशीबाहेर असतो व एक आत. बाहेरच्या भागावर त्याच्या घडणीशी जुळणारा पदार्थ येऊन बसला की आतील भाग पेशीला वार्ता देतो. आमच्या कार्यालयाच्या खिडकीसारखाच हा प्रकार: माणूस बाहेरच राहतो, चिठ्ठी आत सरकते, आणि आत हालचाल सुरू होते. इन्शुलिन स्वतः स्नायूच्या पेशीत शिरून साखर आत नेत नाही. ते ग्राहीवर बसते आणि आतली यंत्रणा साखरेला वाट मोकळी करून देते.

रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी एक जात ‘बी-पेशी’ या नावाने ओळखली जाते. ती अस्थिमज्जेत जन्मते. प्रत्येक बी-पेशीच्या पृष्ठभागावर सुमारे एक लाख ग्राही असतात आणि एका पेशीवरचे सारे ग्राही एकाच साच्याचे असतात. दुसऱ्या पेशीवरचा साचा मात्र वेगळा. इतके साचे येतात कोठून? बी-पेशी तयार होताना तिच्यातील जनुकांचे तुकडे निरनिराळ्या प्रकारे जुळविले जातात, जणू पत्ते पिसून प्रत्येकीच्या हाती नवा डाव द्यावा. हे रहस्य उलगडल्याबद्दल जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांना १९८७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पिसणे आंधळे असल्यामुळे पूर्वी कधीही न पाहिलेल्या जंतूशी जुळणारा साचाही कोणत्या तरी पेशीपाशी निघतोच.

जुळणारा जंतू भेटला की ती बी-पेशी चेतते, तिची संख्या वाढते, आणि तिच्या वंशातील काही पेशी ‘प्लाझ्मा पेशी’ बनून तोच ग्राही सुट्या स्वरूपात रक्तात सोडू लागतात. या सुट्या स्वरूपास प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी, म्हणतात. (मूत्रपिंडातील ‘पिंडा’शी त्याचे नाते नाही, नामसादृश्य मात्र लेख लिहिताना फार छळते.) प्रतिपिंड हा मूळचा बी-पेशीचा ग्राहीच, हे ऐकले तेव्हा मला पहिल्यांदा या विषयाची गोडी लागली.

आंधळ्या पिसण्याचा दुसरा परिणामही ओघानेच येतो. काही साचे परक्या जंतूशी न जुळता आपल्याच अवयवांशी जुळतात. असे साचे धारण करणाऱ्या बहुतेक पेशी वाढीच्या काळातच बाद होतात किंवा निष्क्रिय केल्या जातात. काही निसटतात. निसटलेली पेशी पुढे चेतली तर शरीर स्वतःविरुद्ध प्रतिपिंड तयार करू लागते, आणि जो रोग होतो त्यास स्वयंप्रतिकार विकार म्हणतात.

बी-पेशीच्या अंगावर मुख्य ग्राहीखेरीज आणखीही प्रथिने असतात. प्रयोगशाळांच्या परस्परांतील पत्रव्यवहारात घोळ होऊ नये म्हणून त्यांना ‘सीडी’ हे अक्षर लावून क्रमांक दिले आहेत, आमच्या खतावणीतील खातेक्रमांकांप्रमाणे. त्यांपैकी दोन या लेखात पुन्हा पुन्हा येतील. सीडी-१९ हा मुख्य ग्राहीचा सहग्राही होय. तो वार्ता मोठी करून आत पोहोचवितो, त्यामुळे थोड्याशा इशाऱ्यानेही पेशी जागी होते. सीडी-२० हे पटलात रोवलेले दुसरे प्रथिन. बॉस्टनच्या डेना-फार्बर संस्थेत १९८० साली ते बी-पेशींची खूण म्हणून ओळखले गेले. या खुणा अस्थिमज्जेतील मूळपेशींवर नसतात, आणि पूर्ण वाढलेल्या बहुतेक प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

एक खूण, दोन रोग

लिम्फोमांपैकी बहुसंख्य बी-पेशींपासूनच उद्भवतात. एखादी बी-पेशी आवर सुटून वाढत सुटते, गळ्यात, काखेत, पोटात गाठी येतात. पण बिघडली तरी ती बी-पेशीच, म्हणून सीडी-२० ची खूण तिच्या अंगावर राहतेच. कोहलर व मिलस्टीन या शास्त्रज्ञांनी १९७५ साली एकाच साच्याचे प्रतिपिंड प्रयोगशाळेत हवे तितके तयार करण्याची रीत शोधली. १९८४ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी झाले. त्या रीतीने सीडी-२० ला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार झाले, तेच रिटुक्सिमॅब. ते खुणेवर जाऊन बसते आणि शरीराच्या इतर संरक्षक यंत्रणांना ही पेशी नष्ट करण्याचा इशारा देते. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबरात लिम्फोमासाठी त्यास मान्यता मिळाली.

औषध मात्र बिघडलेली बी-पेशी आणि निरोगी बी-पेशी असा भेद करीत नाही. दोघींच्याही अंगावर खूण तीच. उपचारानंतर सहा महिने ते वर्षभर रक्तात बी-पेशी जवळजवळ दिसत नाहीत. मूळपेशी सुरक्षित राहिल्यामुळे पुढे नव्या बी-पेशी जन्मतात. कर्करोगाच्या डॉक्टरांच्या दृष्टीने निरोगी पेशींचा नाश हा सोसावयाचा तोटा होता. परंतु लिम्फोमासाठी हे औषध घेतलेल्या आणि त्याच वेळी संधिवातही असलेल्या काही रुग्णांचे सांधे बरे वाटू लागले, अशा नोंदी होऊ लागल्या आणि दुसऱ्या शाखांतील वैद्यांचे तिकडे लक्ष गेले. ज्या पेशींच्या वंशातून स्वतःविरुद्धचे प्रतिपिंड निघतात त्या पेशीच काही काळ दूर केल्या तर? एका खात्यातील तोटा दुसऱ्या खात्यात जमेस धरला गेला, असे मी माझ्यापुरते समजतो. २००२ साली इटलीतील बर्गामो येथे जुझेप्पे रेमुझ्झी यांच्या गटाने मेंब्रेनस नेफ्रोपॅथीच्या आठ रुग्णांवर हे औषध वापरून पाहिले. अमेरिकेत २००६ साली संधिवातासाठी, तर २०११ साली मूत्रपिंडास ग्रासणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या एका दाहविकारासाठी मान्यता मिळाली. आमच्या चिठ्ठीवरील ‘मेळ नाही’ या शेऱ्याला म्हणजे मी लिहिला तेव्हाच दोन दशकांचा उशीर झालेला होता.

गाळणीवरील ग्राही

एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील दीड-दोन लिटर वगळता सारा परत रक्तात घेतात. गाळणीच्या बाहेरच्या अंगाला पायांसारखे फाटे असलेल्या पेशी एकमेकींत बोटे गुंतवून बसलेल्या असतात. त्यांना पादपेशी म्हणता येईल. त्यांच्या फाट्यांमधील फटींतून पाणी व क्षार जातात, प्रथिन सहसा जात नाही.

मेंब्रेनस नेफ्रोपॅथीत या पादपेशींच्या बुडाशी प्रतिपिंडांचे थर साचतात, फाटे सपाट होतात आणि प्रथिन मूत्रात वाहू लागते. रक्तातील प्रथिन घटले की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, म्हणून सूज. थर साचतात हे सूक्ष्मदर्शकाखाली अनेक दशके दिसत होते, पण प्रतिपिंड नेमके कशावर बसतात हे बहुसंख्य रुग्णांत अज्ञात होते. २००९ साली बॉस्टन विद्यापीठातील लॉरेन्स बेक, डेव्हिड सॅलंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधून काढले. लक्ष्य ठरलेला पदार्थ हा पादपेशीवरचा एक ग्राहीच निघाला. त्याचे नाव लांबलचक आहे: फॉस्फोलिपेझ ए-२ रिसेप्टर, संक्षेपाने पीएलए-२-आर. कारण अन्यत्र न सापडणाऱ्या अशा रुग्णांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांच्या रक्तात या ग्राहीविरुद्धचे प्रतिपिंड सापडतात. आमच्या टेम्पोचालक रुग्णाच्या रक्तातही ते होते.

या ग्राहीच्या नावात एक गंमत आहे. फॉस्फोलिपेझ ए-२ हे विकर आपल्या शरीरात असते तसेच ते सापांच्या व मधमाशीच्या विषातही असते, आणि हा ग्राही प्रथम हाती लागला तो एका ऑस्ट्रेलियन सापाच्या विषातील घटक कोठे चिकटतो हे शोधताना. गाढी नदीच्या खोऱ्यात भातकापणीच्या दिवसांत घोणस चावलेले रुग्ण येतात व त्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, हे आपल्याकडील कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे. घोणसीच्या विषातही हे विकर असते. म्हणून आमच्या एका परिचारिकाताईंनी विचारले, की या गृहस्थांना कधी साप चावला होता काय? प्रश्न हुशारीचा होता, पण उत्तर नकारार्थी आहे. सर्पदंशाने मूत्रपिंड बिघडते त्याची वाट वेगळी, आणि या विकारात स्वतःचा ग्राही परका वाटू लागतो ती वेगळी.

याच ग्राहीचा कर्करोगाशीही संबंध अभ्यासला जात आहे. प्रयोगशाळेतील पेशींवर असे दिसले आहे, की पीएलए-२-आर पेशीला म्हातारपणाकडे नेऊन तिची वाढ थांबविण्यास साहाय्य करतो, आणि स्तनाच्या व अन्य काही कर्करोगांच्या पेशींत त्याचे प्रमाण घटलेले आढळते. म्हणजे एका जागी तो वाढीला लगाम घालणारा, तर दुसऱ्या जागी प्रतिपिंडांचे भक्ष्य. यावरून उपचार निघालेला नाही, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

आणखी एक धागा मात्र व्यवहाराचा आहे. मेंब्रेनस नेफ्रोपॅथी ही काही थोड्या रुग्णांत शरीरात लपलेल्या कर्करोगाची सूचना असू शकते, विशेषतः उतारवयात आणि पीएलए-२-आर विरुद्धचे प्रतिपिंड नसताना. म्हणून डॉक्टर अशा रुग्णाची वयानुसार तपासणी करवून घेतात. तेव्हा ‘यांना कर्करोग आहे का?’ हा प्रश्न मुळात गैर नव्हता. तो डॉक्टरांनी बंद खोलीत आधीच विचारून झाला होता आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे नोंदलेही होते. आम्ही तो खिडकीवर, रांगेसमोर, आणि औषधाच्या नावावरून विचारला.

औषधाचा हिशेब

रिटुक्सिमॅबचा या विकारातील उपयोग आज केवळ अंदाजावर आधारलेला नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेंटॉर’ या चाचणीत १३० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले होते, एका गटास रिटुक्सिमॅब, दुसऱ्यास सायक्लोस्पोरिन. दोन वर्षांच्या अखेरीस पहिल्या गटातील ६० टक्के तर दुसऱ्यातील २० टक्के रुग्ण पूर्णतः वा अंशतः रोगमुक्त अवस्थेत होते. उरलेल्या चाळीस टक्क्यांचे काय, हा प्रश्न मी विचारला. काहींना औषध पुन्हा द्यावे लागते, काहींना वेगळे द्यावे लागते आणि काहींची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात, असे उत्तर मिळाले.

निधीच्या दृष्टीने पाहता, निकामी मूत्रपिंडाच्या रुग्णास आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस लागते, म्हणजे वर्षाला १५६ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. टेम्पो चालविणाऱ्याच्या वर्षातून १५६ दिवस वजा होतात. त्याच्या तुलनेत दोन वेळची शिरेवाटे मात्रा स्वस्त आहे हे सांगण्यास सनदी लेखापालाची गरज नाही. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज या कंपनीने २००७ साली रिटुक्सिमॅबची भारतीय समरूप आवृत्ती आणली. पुढे इतर कंपन्याही आल्या आणि किंमत धर्मादाय निधीच्या आवाक्यात आली.

औषध निर्धोक नाही. शरीरात सुप्त असलेली हिपॅटायटिस-बी ची लागण त्यामुळे उफाळून जिवावर बेतू शकते, म्हणून त्या तपासणीचा अहवाल हाती आल्याशिवाय पहिली मात्रा देत नाहीत. मात्रा चालू असताना थंडी, पुरळ, रक्तदाब उतरणे असे प्रकार होऊ शकतात, यास्तव ती सावकाश व देखरेखीखाली द्यावी लागते. बी-पेशी नसल्याच्या काळात जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि लशींचा गुण कमी येतो, म्हणून आवश्यक लशी शक्यतो आधी देतात.

गुण दिसण्यास वेळ लागतो, हे मला सर्वांत उशिरा समजले. पहिल्या मात्रेनंतर महिन्याने मी सूज उतरली का म्हणून विचारले, तेव्हा डॉक्टर हसले. रक्तात आधीच असलेले प्रतिपिंड औषधाने नाहीसे होत नाहीत, आणि प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसल्यामुळे त्यांचे काम काही काळ चालूच राहते. नवी भरती थांबते इतकेच. आधी रक्तातील प्रतिपिंड उतरतात, त्यानंतर काही महिन्यांनी मूत्रातील प्रथिन. जुनी येणी वसूल होईपर्यंत खाते बंद होत नाही, तसे.

खारघरची पेशी

सीडी-२० विषयी इतके लिहिल्यावर सीडी-१९ विषयी लिहिणे भाग आहे, कारण त्याची कथा आपल्याच तालुक्यात घडली आहे. टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन व उपचार संस्था खारघर येथे आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत घडविलेल्या पेशींचा उपचार तेथे ४ जून २०२१ रोजी प्रथम एका रुग्णास देण्यात आला. त्या जातीच्या उपचाराची भारतातील ती पहिलीच वेळ होती.

या उपचारात शरीराबाहेरून औषध येत नाही. रुग्णाच्या रक्तातील ‘टी-पेशी’ वेगळ्या काढतात आणि त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्या जनुकामुळे टी-पेशीवर निसर्गात नसलेला एक ग्राही उगवतो. त्याचे बाहेरील टोक प्रतिपिंडाच्या घडणीचे, म्हणून ते सीडी-१९ ओळखते. आतील टोक टी-पेशीचे, म्हणून ओळख पटताच ती समोरच्या पेशीला ठार करते. दोन जातींचे भाग जोडलेला असल्यामुळे त्यास ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’ व उपचारास ‘कार-टी’ म्हणतात. आपल्या पुराणांतील नरसिंहाची आठवण यावी अशी ही घडण आहे. वाढविलेल्या पेशी रुग्णास परत दिल्या जातात. ‘नेक्सकार-१९’ या नावाच्या या उपचारास केंद्रीय औषध नियंत्रकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. इतर उपचारांना दाद न दिलेल्या बी-पेशींच्या रक्तकर्करोगाच्या व लिम्फोमाच्या ६४ रुग्णांवरील चाचण्यांचा वृत्तांत २०२५ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यात सुमारे ७३ टक्के रुग्णांत उपचारास प्रतिसाद मिळाल्याचे नमूद आहे. परदेशात कोटींच्या घरात जाणारा हा उपचार येथे लाखांत होतो. लाखही थोडे नव्हेत, हे आमच्या निधीची शिल्लक पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही.

कर्करोगाकडून मूत्रपिंडाकडे जाणारी वाट येथेही उघडली. ल्युपस हा स्वयंप्रतिकार विकार प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होतो आणि त्यातील अनेकींची मूत्रपिंडे त्यात सापडतात. जर्मनीत एर्लांगेन येथे गेओर्ग शेट यांच्या गटाने अन्य औषधांना न जुमानणाऱ्या ल्युपसने मूत्रपिंड ग्रासलेल्या वीस वर्षांच्या एका तरुणीस २०२१ साली सीडी-१९ विरुद्धच्या कार-टी पेशी दिल्या. २०२४ साली त्यांनी १५ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी ल्युपसचे आठ होते, त्या आठही जणांचा रोग शमला आणि प्रतिकार दडपणारी औषधे बंद करता आली. मला विशेष वाटले ते पुढील निरीक्षणाचे. बी-पेशी सरासरी ११२ दिवसांनी रक्तात परतल्या, पण त्या नव्या, कोऱ्या होत्या, स्वतःविरुद्धची जुनी खोड विसरलेल्या. १५ हा आकडा लहान आहे आणि स्वयंप्रतिकार विकारांसाठी ही पद्धत अद्याप मुख्यतः चाचण्यांच्या पातळीवर आहे, तेव्हा आपल्याकडील ल्युपसच्या मुलींनी चालू गोळ्या सोडून तिची वाट पाहू नये. दरम्यान सीडी-२० वरील ओबिनुटुझुमॅब हे दुसरे प्रतिपिंड, जे २०१३ साली रक्तकर्करोगासाठी आले होते, त्यास अमेरिकेत २०२५ साली ल्युपसच्या मूत्रपिंडविकारासाठी मान्यता मिळाली. आणखी एका कर्करोगाच्या औषधाची चिठ्ठी मूत्रपिंडाच्या बाह्यरुग्ण विभागातून माझ्या मेजावर येईल, हे मी आता गृहीत धरून आहे.

चिठ्ठीचा नमुना आपण बदलला आहे. औषधाच्या नावासमोर ‘कोणत्या कारणासाठी’ असा रकाना वाढविला असून तो डॉक्टरांनीच भरावयाचा आहे. शंका असल्यास प्रशासकाने दूरध्वनी करावा, रुग्णाच्या हाती चिठ्ठी परत देऊ नये, असा नियम केला आहे. रोगनिदानाविषयी खिडकीवर कोणी एक शब्दही बोलावयाचा नाही. ज्या लिपिकाकडून ते वाक्य निघाले त्यांनीच हा नियम सुबक अक्षरात लिहून आतील भिंतीवर लावला आहे.

त्या गृहस्थांना दोन्ही मात्रा मिळाल्या. चौथ्या महिन्यात रक्तातील प्रतिपिंड मोजण्यापलीकडे उतरले. मूत्रातील प्रथिन सातवरून नवव्या महिन्यात दीड ग्रॅमवर आले आहे. डॉक्टर यास अंशतः उपशम म्हणतात. टेम्पो पुन्हा सुरू झाला आहे. गावात मात्र त्यांना कर्करोग झाला होता व तो बरा झाला, असेच सांगितले जाते, आणि ते खोडून काढण्याचा त्यांच्या पत्नींना आता कंटाळा आला आहे. पुढील रक्ततपासणी जानेवारीत आहे.